आरसा काढला, पण वजन कुठे गेलं?

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एका ज्युनियरने विचारलं, "कॅमेरा घ्यायचाय. छोटा मिररलेस घेऊ का?" टेबलावरच्या दोघांनी एका सुरात सांगितलं, "घेतोयस तर फुल-फ्रेमच घे, उगाच नंतर अपग्रेड करत बसशील." तिसरा म्हणाला, "कॅमेरा हवाय कशाला? मोबाईल आहे की!" बिचारा पोरगा गप्पपणे भात कालवत बसला. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, कारण दोनचा कॉल होता. आज शनिवार आहे, दुसरा चहा झालाय, तेव्हा सवडीने भांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याला फोटोंवर पोट भरायचं नाही, त्याने छोटा मिररलेस घ्यावा, त्याला एक छोटी लेन्स लावावी आणि कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू वाचणं बंद करावं. मात्र त्याचे दोष माहीत करून घ्यावेत. दुकानदार ते सांगणार नाही.

थोडं तंत्र बघू. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असतो, आणि तो वरखाली हलायला जागा लागते. म्हणून निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. सोनीच्या ई माउंटमध्ये ते फक्त १८ आहे. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी१ आणला तेव्हापासून या सगळ्या प्रकाराचं मूळ आकर्षण हेच होतं, की आरसा गेला, डबा लहान झाला.

आता आकडे. निकॉनचा डी७२०० (२०१५) बॅटरीसकट ७६५ ग्रॅम, त्याची १८-१४० लेन्स ४९० ग्रॅम. एकूण सव्वा किलोच्या वर. सोनीचा ए६००० (२०१४) बॅटरीसकट ३४४ ग्रॅम, त्याची १६-५० लेन्स ११६ ग्रॅम. एकूण ४६० ग्रॅम. दोन्हींत सेन्सर एपीएस-सी आकाराचा, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. निकॉनची लेन्स बरंच लांबचं ओढते हे मान्य, पण फरक खांद्याला कळतो.

आणि फुल-फ्रेमवाले काय सांगतात? सोनीचा ए७ थ्री (२०१८) ६५० ग्रॅम, आणि त्यावर सगळे जी शिफारस करत होते ती २४-७० एफ २.८ लेन्स ८८६ ग्रॅम. बेरीज दीड किलोच्या वर! म्हणजे आरसा काढला आणि वजन वाढलं. सेन्सर मोठा आहे, लेन्स जास्त उजेड घेते, ही तुलना बरोबरीची नाही, हे मला कळतं. पण माझा मुद्दा नेमका तोच आहे. आरसा काढून वाचतो तो बॉडीचा आकार. लेन्सला मोठ्या सेन्सरभर उजेड पसरायचा असेल तर काच मोठी लागणारच. तिथे मार्केटिंगचं काही चालत नाही. पुढे २०२२ मध्ये याच लेन्सची नवी आवृत्ती आली ती ६९५ ग्रॅमची, म्हणजे कंपनीलाही वजन खुपत होतंच.

"वजन काय एवढं?" असं विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. माझ्याकडे बरीच वर्षं डीएसएलआर होता. दिवाळीला आम्ही वाईला आजीकडे जायचो. एका वर्षी रिलीज तोंडावर होतं, लॅपटॉप न्यावाच लागणार होता, एसटीला ही गर्दी. कॅमेऱ्याची बॅग पुण्यातच ठेवली. म्हटलं, पुढच्या वेळी आणू. त्या पहाटे आजी अंगणात एकेक पणती लावत होती, एका हाताने वारा अडवत, आणि तिच्या तोंडावर तो खालून येणारा उजेड. मी तेव्हाच्या मोबाईलवर दोन फोटो काढले. त्यांत पणत्यांचे पांढरे ठिपके आहेत आणि आजीच्या जागी एक तपकिरी सावली. पुढच्या वेळी कॅमेरा नेला, पण आजी नव्हती.

तेव्हापासून मला कोणी इमेज क्वालिटीचे चार्ट दाखवले की मी एवढंच विचारतो, प्रॉडक्शनला न गेलेल्या कोडचा परफॉर्मन्स मोजून करायचंय काय?

नंतर एक छोटा मिररलेस घेतला. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर मुद्दा बाजूला राहतो. त्याने मला चांगलंच रडवलंय, तेही ऐका.

पहिलं म्हणजे बॅटरी. डीएसएलआरमध्ये तुम्ही आरशातून बघता तेव्हा सेन्सर झोपलेला असतो. मिररलेसमध्ये नुसतं बघायलाही सेन्सर आणि स्क्रीन चालू लागतात. त्याच प्रमाणित चाचणीत डी७२०० एका चार्जवर १११० फोटो काढतो, ए६००० साधारण ३६०, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून ३१०. माझा कॅमेरा हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी सूर्यास्ताच्या पाच मिनिटं आधी मेला. एक जादा बॅटरी म्हणजे चैन नव्हे, कॅमेऱ्याच्या किमतीतच धरा.

दुसरी गोष्ट जास्त लागली. मामेबहिणीच्या लग्नात मोठ्या हौसेने सायलेंट शटर लावला, मंगलाष्टकांत खटखट नको म्हणून. त्या मोडमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली एकेक ओळ करत वाचला जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कार्यालयातले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचे माझे सगळे फोटो आडव्या काळ्या पट्ट्यांचे आहेत. चूक माझीच, साधा मेकॅनिकल शटर ठेवला असता तर बहुतेक निभावलं असतं. पण "आवाज नाही" ही ओळ बॉक्सवर ठळक असते, आणि पट्ट्यांबद्दलची सूचना मॅन्युअलमध्ये कुठेतरी आत.

तिसरं, लेन्स बदलताना बऱ्याच मॉडेल्समध्ये सेन्सर उघडाच पडतो. आपल्याकडच्या धुळीत हे फार महागात पडतं.

चौथं, छोट्या सिस्टिम अनाथ होतात. कॅननने ईओएस एम मालिका २०१२ मध्ये सुरू केली आणि २०२३ पर्यंत गुंडाळली. त्या लेन्स कॅननच्याच नव्या आरएफ बॉडीवर बसत नाहीत, कारण आरएफचं अंतर २० मिलिमीटर आणि एमचं १८, साधा अडॅप्टर बसवायला जागाच नाही. लेगसी कोडवर काम केलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. म्हणून लेन्स एक किंवा फार तर दोन घ्या. सात लेन्सचं कुटुंब जमवू नका.

आता मोबाईलवाले. दिवसाउजेडी, स्थिर गोष्ट, व्हॉट्सॲपवर पाठवायला: तुम्ही जिंकलात, वादच नाही. मोबाईल अनेक फ्रेम घेऊन एकत्र शिवतो, आणि छान शिवतो. पण संध्याकाळी घरातल्या बल्बखाली भाचा पळतोय, तिथे शिवण उसवते. हात कुठे, कान कुठे. तिथे मोठा सेन्सर आणि एफ १.८ची साधी लेन्स लागते. शिवाय मोबाईल खिशातून काढला की आधी मॅनेजरचा मेसेज दिसतो. कॅमेऱ्यात मॅनेजर नसतो, हे फीचर कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात मी अजून पाहिलेलं नाही.

तर त्या ज्युनियरला माझं उत्तर असं. छोटी बॉडी घे, वापरलेली मिळाली तरी चालेल. एक छोटी प्राइम लेन्स, एक जादा बॅटरी. लग्नात सायलेंट शटर बंद. उरलेल्या पैशांत गावी दोन जास्त चकरा मार, आणि कॅमेरा लॅपटॉपच्याच बॅगेत टाक, वेगळी बॅग घेऊ नकोस. वेगळी बॅग घेतलीस की ती एक दिवस घरी राहणार.

असो. फुल-फ्रेमवाल्यांनी रागावू नये. तुमचे फोटो खरंच माझ्यापेक्षा शार्प आहेत. फक्त गेल्या दिवाळीत पहाटे तुमचा कॅमेरा कुठे होता, तेवढं एकदा आठवून बघा.