तपासणीचं नाव माहीत हवं

शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दोन्ही भाषांत शब्दांची कमी नाही. पण बाईच्या शरीरातल्या एका भागाला आमच्या घरांत नावच नाही. मराठी पुस्तकात त्याला गर्भाशयाचं मुख म्हणतात, उर्दूत रहम का मुँह. घरात मात्र ‘सफेद पाणी जातंय’, ‘बायकांचं दुखणं आहे’ एवढ्यावर सगळं भागवलं जातं. ज्याला नाव नाही, त्याची तपासणी मागणार कोण?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या.

खरं तर हा कॅन्सर सवड देणारा आहे. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. विषाणू शरीरात टिकून राहिला तर पेशी बिघडून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. तेवढ्या काळात बिघाड सापडला तर लहानशा उपचारावर काम भागतं. रक्त जायला लागेपर्यंत थांबलं की ही सवड संपत आलेली असते.

तपासणीही साधी आहे. तिला व्हीआयए म्हणतात. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात. आपल्या सिरक्यात असतं तेच. मिनिटभर थांबून बघतात. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी करायची. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधीच समजून घ्यावं. पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत. पाळी बंद झालेल्या बाईला ती तितकीशी उपयोगी पडत नाही, तिने डॉक्टरांना पॅप किंवा एचपीव्ही तपासणीबद्दल विचारावं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. चार आठवडे शिकवून तयार केलेल्या, किमान दहावी झालेल्या कार्यकर्त्या ही तपासणी करत होत्या. ज्या वस्त्यांत ती दर दोन वर्षांनी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे मोठी मशीन नाही म्हणून गावात तपासणी नाही, ही सबब चालत नाही.

आपल्या काही घरांत ऐकू येतं, ‘खतना होतो, आपल्या बायकांना हा आजार होत नाही.’ खतन्यामुळे धोका कमी होतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि शरमेचं म्हणाल, तर दीनचं ज्ञान विचारताना अन्सारच्या बायकांना हया आड आली नाही, म्हणून हज़रत आयेशांनी त्यांची तारीफ केली होती. हया राखूनही विचारता येतं. तपासणी बाईनेच करावी, पडदा असावा, हे मागणं तर पूर्ण रास्त आहे.

२०१६ मध्ये आमचं धसई ‘कॅशलेस गाव’ म्हणून देशभर गाजलं. भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘स्वाइप मशीन’ आलं. मग ‘व्हीआयए’ हा शब्द काय जड आहे?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी, तीही गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात. तेव्हा आपाजान, ताई, आशाताईला किंवा नर्सला तीन प्रश्न विचारा. व्हीआयए कोणत्या दिवशी करता? तपासणारी बाई आहे का? डाग दिसला तर मुरबाडला पाठवणार की उल्हासनगरला, आणि सोबत चिठ्ठी कोण देणार? तिसरा प्रश्न विसरू नका. डाग सापडूनही पुढे न गेलेल्या बाईला तपासणीचा काहीच फायदा नाही.

‘इथे सोय नाही’ असं उत्तर आलं, तर तेच प्रश्न कागदावर लिहून ग्रामसभेत द्या. एकटीने जायला अवघड वाटत असेल तर मोहल्ल्यातल्या चौघीजणी मिळून जा. आणि पुरुषांनो, त्या दिवशी तिची मजुरी बुडेल, पोरं घरी असतील. तेवढं तुम्ही सांभाळा.