ईसी विचारा, मगच वीट उचला

नव्या कोकोपीटवर टाकल्यापासून पॅकमॅन बेडूक अस्वस्थ आहे, एरवी डोळ्यांपर्यंत पुरून घेणारा आता सारखा पाण्याच्या वाटीत जाऊन बसतो, पोट आणि मांड्या लालसर झाल्या आहेत. तापमान ठीक, आर्द्रता ठीक. या पावसाळ्यात अशा पत्रांचा ढीग पडला. आमचा प्रतिप्रश्न एकच होता : कोकोपीटची वीट धुतली होती का? उत्तरही एकच आले. पाकिटावर ‘रेडी टू यूज’ छापले होते!

पाकिटावर बेडकाचे चित्र असते, वजन असते, फुगल्यावर किती लिटर होईल तेही असते. ईसी, म्हणजे क्षार किती ते दाखवणारा विद्युतवाहकतेचा आकडा, नसतो. खत किंवा निंबोळी पेंड मिसळली आहे का, त्याचा पत्ता नसतो. कोकोपीट ज्यापासून बनते ती नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली, तर मीठ भुशात उतरते. पोटॅशियम तर काथ्यात मुळातच असते. अशा भुशावर सीट पॅच (पोटाखालची पाणी शोषणारी कातडी) टेकवून चोवीस तास बसणाऱ्या जनावराचे काय होणार, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

परदेशातल्या ग्रीनहाउसला माल जातो तेव्हा ईसी ठरल्याशिवाय सौदा होत नाही. आपला पॉलिहाउसवाला शेतकरीही ‘लो ईसी’ मागून घेतो. पेट शॉपमध्ये विचारले तर ऐकायला मिळते, ‘ते झाडांसाठी असतं, साहेब.’ तक्रार घेऊन गेलो तर एक खाते म्हणते हे खत नव्हे, दुसरे म्हणते हे पशुखाद्य नव्हे. म्हणजे नर्सरीतली वीट चित्राच्या पाकिटात शिरली की किंमत वाढते आणि जबाबदारी संपते.

पण आपणही कमी नाही. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस पेन घरोघरी आहे, तो कोकोपीटच्या पाण्यात कितीजण बुडवतात? वीट आरओच्या पाण्यात भिजवा, पिळा, निथळलेले पाणी मोजा. ओतलेल्या पाण्याच्या जवळपास रीडिंग येईपर्यंत पुन्हा धुवा. ‘बफर्ड’ पाहून जास्त पैसे मोजू नका. बफरिंगचे कॅल्शियम नायट्रेट रोपांसाठी असते. परलाइट मिसळलेले पॉटिंग मिक्स, देवदाराचा भुसा आणि तोंडात मावेल अशी खडी यांच्या धोक्याबद्दल आजवर पुरेसे लिहून झाले. नवीन जनावर क्वारंटाइनमध्ये साध्या, सुगंध नसलेल्या ओल्या किचन टॉवेलवरच ठेवा आणि टॉवेल रोज बदला. विष्ठा दिसते, अमोनिया साचत नाही, इम्पॅक्शनची (आतडे तुंबण्याची) भीतीही कमी.

आणि आता हात जोडून एक सांगणे. वापरलेले सबस्ट्रेट (टाकीतला तळाचा थर) बागेत, ओढ्यात, ट्रेकला जाताना रानात टाकणे आजपासून बंद करा. त्यातून बेडकांच्या कातडीला ग्रासणारी चिट्रिड बुरशी बाहेर पसरू शकते. तिचे शास्त्रीय वर्णन १९९९ साली झाले. तिने जगभर बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या. पश्चिम घाटातही ती आढळली आहे. आंबोलीचा चिमुकला टोड याच सह्याद्रीत राहतो, दुसरीकडे कुठेही नाही. ६० अंश सेल्सियसला ही बुरशी पाच मिनिटांत मरते. तेव्हा टाकाऊ कोकोपीट उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवा, निवू द्या, पिशवीत बांधा आणि कचरागाडीत द्या. पाणीही उघड्या गटारात नको, संडासात ओता.

दुकानदाराला ईसी विचारा. सांगता आला नाही, तर वीट तिथेच ठेवून बाहेर पडा. गिऱ्हाईक परत जायला लागले की पाकिटावर आकडा आपोआप छापला जाईल.