बोंबील सुटला, बांगडा सापडला : मिठाचा कर आणि कोकणची सुकी मासळी

#थ्रेड

१/ मिठाच्या कराचा इतिहास निघाला की दांडीची मूठ येते, धारासण्याच्या लाठ्या येतात. अलीकडे उत्तर हिंदुस्थानातील जकातीच्या काटेरी कुंपणाची गोष्टही हमखास येते. खारा बांगडा मात्र येत नाही. वास्तविक ज्या घरात मीठ चिमटीने नव्हे, टोपलीने लागत असे ते घर मासळी खारवणाऱ्याचे होते. या कराचा सर्वांत जड भार तेथे पडला, आणि मराठी किनाऱ्याच्या इतिहासात त्याला जेमतेम एखादी ओळ मिळते.

२/ प्रथम मासळीविषयी. बर्फ येण्यापूर्वी ताजी मासळी हे किनाऱ्यापासून काही कोसांच्या आतले अन्न होते. पकडल्यापासून काही तासांत ती उतरू लागते. शिवाय पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी बाहेर काढायची नाही, ही रूढी जिवाच्या भीतीतून आलेली. म्हणून कोकणात आगोटीची बेगमी : पाऊस लागण्यापूर्वी तांदूळ, लाकूडफाटा, कोकमे यांच्याबरोबर सुकी मासळी भरून ठेवायची. पेजेसोबत भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा हा त्या तीन महिन्यांतला अनेक घरांचा एकमेव मांसाहार असे.

३/ घाटावर तर सुकी मासळी हेच समुद्राचे एकमेव रूप होते. सुकट, बोंबील, वाकट्या घाट चढून देशावरच्या आठवडी बाजारात पोहोचत. कष्टकऱ्यांच्या भाकरीला चव व ताकद देणारे, महिनोन्महिने टिकणारे आणि चिमूटभर घातले तरी पुरणारे असे दुसरे स्वस्त अन्न फारसे नव्हते. ‘महाराष्ट्राचा आहार’ या विषयावर लिहिताना पुरणपोळीला पाने आणि सुकटीला तळटीप मिळते, हा अभ्यासाचा दोष आहे, ताटाचा नव्हे.

४/ मासळी टिकवण्याच्या मुख्य रीती दोन : ऊन आणि मीठ. बोंबील उन्हाचा. त्याच्या अंगात पाणी अतोनात आणि चरबी नगण्य. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांची जोडी बांबूच्या वलांडीवर टांगली की ऊन आणि वारा उरलेले काम करतात. मीठ लागत नाही. जवळा, करंदी, सोडे यांचेही बहुतांशी तसेच.

५/ बांगडा आणि तारली यांचा स्वभाव वेगळा. अंगात तेल. नुसत्या उन्हात टाकले तर आतून सडतात आणि तेल खवट होते. त्यामुळे पोट फाडायचे, आतडी काढायची, धुवायचे, मीठ चोळायचे, थर लावायचे, पाणी सुटू द्यायचे आणि मगच वाळवायचे. मुशी, सुरमई यांसारख्या जाड मासळीसही मीठ लागतेच. साधारणपणे तीन ते पाच भाग मासळीस एक भाग मीठ, असे हे प्रमाण आहे.

६/ आता नकाशा पाहावा. वसई, उत्तन, वर्सोवा, अलिबाग या उत्तरेकडील किनाऱ्यावर डोल जाळी आणि बोंबील. देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे गोवा, कारवार येथे रापण आणि बांगडा. हा भेद ढोबळ आहे. उत्तरेकडेही घोळ, दाढा खारवत असत आणि दक्षिणेकडेही जवळा वाळवत. तरीही सरकारने मिठावर कर वाढवला तेव्हा किनाऱ्याचे दोन भाग त्या कराला सारखे सामोरे गेले नाहीत, हे या नकाशावरून कळते. बोंबील सुटला, बांगडा सापडला.

७/ कराचे आकडे. मुंबई इलाख्यात १८३७ साली मणामागे आठ आणे. १८४४ मध्ये तो एक रुपया करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सुरतेत दंगा उसळला आणि सरकारला बारा आण्यांवर यावे लागले. पुढे कर चढतच गेला. १८८२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी दोन रुपये असा एकच दर ठरला; १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. मण चाळीस शेरांचा आणि अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. शेरामागे एक आणा. मिठागरावर मीठ पिकवण्याचा खर्च मणामागे काही आण्यांचाच, म्हणजे मालापेक्षा कर कितीतरी पट.

८/ या कराचे समर्थन करणारे अधिकारी एक हिशेब नेहमी मांडत : माणशी वर्षाकाठी काही आणे, त्याने कोणाचे काय बिघडते? सरासरी हा राज्यकर्त्यांचा आवडता पडदा. एक मण बांगडा खारवायचा तर चारास एक या प्रमाणाने दहा शेर मीठ, म्हणजे दहा आणे कर. तोही पहिला मासा विकला जाण्यापूर्वी. मजुराची दिवसाची कमाई काही आण्यांत मोजली जाण्याचा तो काळ. भातात मीठ घालणाऱ्यासाठी ते चवीचे. रापणीवरच्या कुटुंबासाठी ते धंद्याचा कच्चा माल होते. एकाच दराने दोघांकडून कर घेणे ही समानता केवळ कागदावरची.

९/ याचे परिणाम काय झाले, हे एका सरकारी माणसानेच लिहून ठेवले आहे. फ्रान्सिस डे हे मद्रास लष्करातील शल्यवैद्य. पुढे हिंदुस्थानातील मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले. भारतीय माशांवरील त्यांचा महाग्रंथ अभ्यासक आजही उघडतात. १८७३ साली सागरी मासेमारीवरचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. महाग मिठामुळे लोक मासळी पुरेशी खारवत नाहीत. खाऱ्या मातीवर भागवतात. असा अर्धवट टिकवलेला माल आरोग्यास घातक ठरतो आणि समुद्रातील अन्न वाया जाते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

१०/ खारी माती हाही साधा मामला नव्हता. तिच्यातून मीठ काढणे हा गुन्हा. म्हणजे विकतचे मीठ परवडत नाही आणि पायाखालचे घेता येत नाही. अशा वेळी जाळ्यात तारलीचा मोठा थवा सापडला तर? वाळूवर टाकून वाळवायची आणि नारळाच्या बुंध्याशी खत म्हणून पुरायची. पश्चिम किनाऱ्यावर माणसाचे अन्न माडाचे खत होण्यामागे कारणे अनेक होती. मिठाची किंमत त्यांतले एक मोठे कारण.

११/ सरकारने यावर काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे. कर कमी केला नाही. १८७० च्या दशकापासून किनाऱ्यावर मासळी खारवण्याची यार्डे उभारली जाऊ लागली. मद्रास इलाख्यात ती मोठ्या प्रमाणावर पसरली. मुंबई इलाख्यात दक्षिण कोकण व उत्तर कानडा येथे. कुंपण घातलेली जागा, आत मीठ-खात्याचा अंमल. मासळी आत आणायची, तेथेच करमुक्त मीठ घ्यायचे, तेथेच खारवायचे. वापरलेले मीठ आणि मासळी यांचा मेळ तपासला जाई. मिठाचा खडाही बाहेर नेता कामा नये.

१२/ यार्डांची बाजू न्यायाने मांडायची तर त्यांमुळे खारवण्याचा धंदा निःसंशय वाढला. स्वस्त मिठाने माल सुधारला आणि दूरवर जाऊ लागला. पश्चिम किनाऱ्यावरची खारी मासळी सिलोनच्या मळ्यांवरील मजुरांपर्यंत पोहोचे. उपाशी राहण्यापेक्षा यार्ड बरे, असे म्हणणाऱ्यास उत्तर देणे सोपे नाही.

१३/ तरीही किंमत मोजली गेलीच. खारवणे हे तोवर अंगणातले, मुख्यतः बायकांच्या हातचे काम होते. रापण केव्हा ओढली जाईल याला घड्याळ नसते; यार्डाला असते. फाटकापासून दूरच्या वाडीतली बाई टोपली डोक्यावर घेऊन निघाली तर पोहोचेपर्यंत बांगडा मऊ पडलेला. शिवाय आत मोठा माल एकदम आणणाऱ्याची सोय अधिक, चार टोपल्यावाल्याची कमी. सवलत मिळाली ती मासळीला. मासळी टिकवण्याचे ज्ञान ज्यांच्या हातात होते त्या हातांवर मात्र पहारा बसला. राज्यसंस्था गरिबाच्या अन्नाला मदत करते तेव्हा आधी त्याभोवती कुंपण का घालते, हा प्रश्न १८७० च्या दशकापुरता नाही.

१४/ गोव्याची हकीकत याच धाग्यातली. तेथील मिठावर असा कर नव्हता, म्हणून ते स्वस्त. साहजिकच चोरून हद्दीपार येई. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. त्याबदली पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. तह १८८० पासून बारा वर्षे चालला. भरपाई सरकारला मिळाली; महाग मीठ मात्र मिठागरवाल्याच्या, खारव्याच्या आणि खारे मासे खाणाऱ्याच्या वाट्याला आले. मिठागर एकदा पडीक झाले की बांध फुटतात आणि तह संपला म्हणून ते आपोआप उभे राहत नाही.

१५/ या सगळ्यात एक निराळा अधिकारी भेटतो : सर फ्रेडरिक निकल्सन. शेतकी पतपेढ्यांवरील १८९० च्या दशकातील अहवालामुळे सहकाराच्या इतिहासात त्यांचे नाव परिचित आहे. तोच माणूस निवृत्तीनंतर, १९०५ पासून, मद्रासच्या मत्स्यव्यवसायाकडे वळला, जपानला जाऊन आला, कण्णूरला खारवण्याचे प्रयोग करत बसला. खत होणारी तारली माणसाच्या ताटात कशी येईल, ही त्यांची तळमळ. मीठ देऊन भागत नाही, मासळी ताजी असतानाच नीट धुऊन खारवली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पतपेढी आणि खारा मासा हे त्यांना दोन विषय वाटले नसावेत : मच्छीमाराकडे भांडवल नसेल तर तो चांगले खारवू शकत नाही, इतका सरळ तो संबंध आहे.

१६/ मग १९३०. दांडीनंतर मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. दक्षिण कोकणातले, गोव्याच्या हद्दीजवळचे हे गाव. अवतीभवती बांगड्याचा किनारा. पुढल्या मार्चमध्ये झालेल्या गांधी–आयर्विन करारात मिठाविषयी काय मिळाले? जेथे मीठ बनते त्या भागातील गावकऱ्यांनी घरच्या वापरासाठी ते घ्यावे, गावात विकावे. गावाबाहेर विकू नये. कर जायला १९४७ चा एप्रिल उजाडावा लागला. स्वातंत्र्य त्यानंतर चार महिन्यांनी आले. ज्या करमुक्त मिठासाठी यार्ड होते, ते कारणही त्याबरोबर संपले.

१७/ स्वतंत्र भारताने लक्ष वळवले ते उत्पादनाकडे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि तळ्यातील मत्स्यशेतीला हुकमी बीज मिळाले. हे यश खरोखर मोठे आहे. देशातील मासळीचा मोठा वाटा आज गोड्या पाण्यातून येतो. परंतु रोहू–कटला प्रामुख्याने ताजा विकला जातो. धोरणाची नजर तळ्याकडे गेली तसतशी वलांडी त्या नजरेतून निसटली.

१८/ २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेकडे पाहावे : गुंतवणूक २०,०५० कोटी रुपये, लक्ष्य वर्षाला २२० लाख टन. पकडीनंतरची नासाडी २०–२५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याचाही संकल्प, आणि तो योग्यच. पण उपाय म्हणून मनात प्रथम येते ती शीतसाखळी : बर्फ, वीज, वातानुकूलित गाडी. ज्या रीतीला यांतले काहीच लागत नाही ती मागासलेपणाची खूण म्हणून मोजली जाते. सुक्या मासळीत वाळू असते, किडे होतात, हा आक्षेप खराच. त्यावर उंच ओटे, जाळीचे आच्छादन, स्वच्छ पाणी हे उपाय ठाऊक आहेत आणि महागडेही नाहीत. बायकांना वाडीतच, त्यांच्या वेळेनुसार वापरता येतील असे ओटे आणि दूरचे एक केंद्र यांत निवड करायची झाली, तर यार्डाचा अनुभव पहिल्याच्या बाजूने कौल देतो.

१९/ आक्षेपांतला दुसरा म्हणजे वास. मुंबईत याच वासावरून शेजारधर्म आणि भाड्याचे करार मोडतात. त्यामागे नाकापेक्षा जात अधिक असते, हे उघड बोलले जात नाही एवढेच.

२०/ आज बांगड्याच्या मिठाला कर नाही. अडचण जागेची आहे. वलांडी उभी करायला आणि बांगडा पसरायला उघडे, वाऱ्याचे, किनाऱ्यालगतचे मैदान लागते. मुंबईच्या कोळीवाड्यांत अशा जागा पिढ्यान्‌पिढ्या सामायिक वापरात राहिल्या. कागदावर मात्र अनेकदा मोकळी जमीन म्हणूनच दिसतात आणि मोकळ्या जमिनीवर शहराची नजर लवकर जाते. सीमांकनाची मागणी कोळी समाज वर्षानुवर्षे करतो आहे. त्या नकाशांत घरांभोवती रेषा ओढून थांबू नये; मासळी सुकवण्याची जागा तशाच नावाने, क्षेत्रफळासह नोंदवली जावी. मिठाच्या दप्तरात शेराशेराचा हिशेब ठेवणाऱ्या राज्ययंत्रणेच्या वारसांना एवढी नोंद करणे अवघड नाही.