वानगी न पाहता

व्यापारी घरात माल पारखण्याचे शिक्षण कोणी वेगळे देत नाही. पोत्यातून मूठभर तूरडाळ तळहातावर घ्यावी, दाणा पाहावा, मगच भाव बोलावा, हे मुले गल्ल्याजवळ बसून शिकतात. पुस्तकांच्या बाबतीत मात्र तीच घरे बहुधा ऐकीव माहितीवर निर्णय घेतात. मुळशी तालुक्यातील पौड येथे एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी गेल्या उन्हाळ्यात असेच घडले.

नववीत जाणाऱ्या नातीने पुण्याहून मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणली. २००४ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी नववीच्याच मुलांची आहे, काळ आणीबाणीचा. मुकुंद जोशी या मुलाचे वर्गातील शिरोडकरवर मन जडते, एवढेच दादाजींच्या कानावर आले होते. “हे वय अभ्यासाचे,” असे म्हणून त्यांनी पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले आणि नातीच्या हाती ‘श्यामची आई’ दिली.

नातीने ते निमूटपणे वाचले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातील अळणी भाजीचा प्रसंग तिला सर्वांत भावला. आई मीठ घालायला विसरते. तिला वाईट वाटू नये म्हणून घरची माणसे भाजी तशीच खातात. “मिठाचे नावही कोणी काढत नाही, म्हणून ते पटते,” असे ती म्हणाली. जेथे गोष्ट थांबवून तात्पर्य सांगितले आहे, ती पाने आपण भरभर उलटली, हेही तिने लपवले नाही.

मग वडिलांनी आपल्या लहानपणचा ‘फास्टर फेणे’ काढून दिला. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा सायकलवीर तिला आवडला. पण धाडसाला पुढे बहुतेक वेळा मुलगाच का, ही तिची तक्रार राहिली. त्यापेक्षा शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणलेल्या अमेरिकन कादंबरीतील ज्यो तिला जवळची वाटली. ज्यो लेखणीवर पैसे मिळवते आणि घराला हातभार लावते. दुकानाची खातेवही आपल्याकडे द्यावी म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलीला ती आवडावी, यात नवल नाही.

तीनही पुस्तके परत करताना तिने विचारले, “दादाजी, तुम्ही ‘शाळा’ वाचली आहे का?”

दादाजी गप्प राहिले. त्या रात्री त्यांनी पुस्तक खाली काढले आणि दोन रात्रींत संपवले. मुलांच्या तोंडची भाषा त्यांना रुचली नाही. पण दुसरी एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. मुकुंदच्या मनात एवढी उलथापालथ चालू असते आणि घरच्या मोठ्या माणसांपैकी मोकळेपणाने बोलावे असा त्याला नरुमामाच तेवढा दिसतो. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते, तेव्हा ते दुःख त्या मुलाला स्वतःशीच पचवावे लागते.

सकाळी त्यांनी पुस्तक नातीच्या हाती दिले आणि भाषेविषयीची आपली नापसंतीही स्पष्ट सांगितली. वाचून झाल्यावर तिने उत्तर दिले, “वर्गात मुले असेच बोलतात, दादाजी. माझी अडचण वेगळी आहे. सगळी गोष्ट मुकुंद सांगतो. शिरोडकरला मनातून काय वाटत होते, ते कळतच नाही.”

एवढी मोठी उणीव दादाजींच्या लक्षात आली नव्हती. त्यावर दोघांचे बोलणे दुकान उघडण्याची वेळ टळेपर्यंत चालले.

पुस्तक वरच्या फळीवरच राहिले असते, तरी नातीने ते मैत्रिणीकडून मिळवून वाचले असते. फक्त तिचे मत दादाजींना कधी कळले नसते. किशोरवयीन मुलांना कोणती कादंबरी द्यावी, याची यादी कोणीही करून देईल. परंतु वडीलधाऱ्यांनी ती आधी स्वतः वाचावी, आवडले-नावडले ते मोकळेपणाने सांगावे आणि मग मुलांचे मत शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, हे काम त्या त्या घरालाच करावे लागते. वानगी न पाहता परत केलेल्या मालाने दुकानाचे नुकसान होते. घरात मुलांशी चाललेला संवाद तुटतो.