दरबारातला रक्तपिपासू परवडला

मोसम नदीच्या काठी नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४० च्या सुमारास मालेगावचा भुईकोट बांधायला घेतला. पेशवाई बुडाल्यावरही इथल्या अरब शिबंदीने १८१८ च्या मे-जूनमध्ये इंग्रजांना काही आठवडे झुंजवले आणि दारूगोळ्याचे कोठार उडाल्यावरच किल्ला पडला. सरदार घराणे, परदेशातून आलेले भाडोत्री शिपाई, खंदक, वेढा, स्फोट: ऐतिहासिक कादंबरीला लागणारी सगळी सामग्री इथे आयती आहे. याच गावाने पुढे दुसऱ्याच कारणाने नाव काढले. नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला आणि नंतर थेट सुपरमॅनला यंत्रमागांच्या खडखडाटात उतरवले. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने तो सुपरमॅन जगभर नेला आणि रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ने ती कथा पुन्हा मोठ्या पडद्यावर आणली. यंत्रमागावर राबणारा किडकिडीत शफीक शेख सुपरमॅन झाला तेव्हा त्याला अमेरिकेची नव्हे, मालेगावची घाण आणि तंबाखूचे व्यसन यांच्याशी लढावे लागले. प्रेक्षक हसले, पण तो खरोखर उडतो असे कुणाला वाटले नाही. शोलेतले डाकू खरे की खोटे यावरही कुणी दगड उचलला नाही.

उघड कल्पिताचा हा निरुपद्रवीपणा मला महत्त्वाचा वाटतो. राजदरबार, प्रेमकथा आणि रक्त पिणारे अमर जीव यांचे मिश्रण इंग्रजी बाजारात सध्या जोरात आहे आणि मराठी दरबाराच्या पार्श्वभूमीवर असे काही लिहिण्याचा विचार निघाला की भुवया उंचावतात. इतिहासाची ही थट्टा कशाला, असे विचारले जाते. माझे म्हणणे उलट आहे. इतिहासाची हानी भुताखेतांनी फारशी केलेली नाही. ती केली आहे इतिहासाचाच पोशाख घालून आलेल्या प्रेमकथांनी. आणि ज्याला मराठी दरबारात प्रेमकथा रंगवायचीच आहे, त्याने शेजारी एक रक्तपिपासू उभा केला तर वाचक सावध राहतो. हा त्यातला मोठा फायदा आहे.

पुरावा संभाजी महाराजांच्या नावावर जमा आहे. त्यांच्या प्रेयसी म्हणून सांगितल्या गेलेल्या थोरातांची कमळा आणि तुळसा ही दोन नावे मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने घराघरांत नेली. ‘थोरातांची कमळा’ याच नावाचा चित्रपट भालजी पेंढारकरांनी १९४१ साली काढला. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’मध्ये तुळसा आहे. या कथांमधून व्यसनी, स्त्रीलंपट, राज्य विसरलेला राजा उभा राहिला आणि पिढ्यान्पिढ्या लोकांनी तोच संभाजी खरा मानला. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याचा मोठा भाग घालून १९६० साली साधार चरित्र प्रसिद्ध केले, कमल गोखले यांनी ते काम पुढे नेले, तेव्हा कुठे ही प्रतिमा हलू लागली. हलली, पण गेली नाही. म्हणूनच गडकरी १९१९ साली वारल्यानंतर जवळपास शतकभराने, जानेवारी २०१७ मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा मध्यरात्री उखडला गेला. पुतळा तोडणे हा वाद घालण्याचा मार्ग नव्हे, हे स्पष्टच आहे. पण त्या रागामागचे कारण खरे होते: नाटककाराची कल्पना लोकांनी दप्तरातल्या नोंदीसारखी वाचली होती. तुळसेला गडकऱ्यांनी एखादी अमर हडळ केले असते, तर नाटक कदाचित फसले असते, पण राजाच्या चारित्र्यावर डाग राहिला नसता.

याहून बोलके उदाहरण शनिवारवाड्याचे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. त्या एका घटनेतून लोकांनी दोन गोष्टी रचल्या. पहिलीत काका राघोबादादांची बायको आनंदीबाई हुकुमातल्या एका अक्षराची खाडाखोड करते आणि पकडण्याचा हुकूम मारण्याचा होतो. दुसरीत मध्यरात्री वाड्यात एका पोराचा आवाज काकाला हाक मारत फिरतो. भुताची गोष्ट ऐकून आजवर कुणाचे वाईट झालेले नाही. पर्यटक येतात, शहारतात, बाहेर पडून भेळ खातात. खाडाखोडीची गोष्ट मात्र अनेक अभ्यासकांनी आख्यायिका ठरवूनही निकालपत्रासारखी सांगितली जाते. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर, पण लोकांच्या मनात आरोपी राहिली ती त्यांची बायको. आख्यायिका दोन्हीच. एक स्वतःचे अद्भुतपण लपवत नाही. दुसरी कागदपत्राचा वेष घेऊन येते आणि एका बाईला अडीचशे वर्षे फासावर लटकवत ठेवते.

यावर म्हणतील, मग ऐतिहासिक कादंबरी लिहायचीच नाही का? ‘स्वामी’, ‘राऊ’ या कादंबऱ्यांनीच तर मराठी माणसाला इतिहासाची गोडी लावली. ते खरे आहे आणि ते श्रेय रणजित देसाई, ना. सं. इनामदार यांच्याकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही. दोष कादंबरीकारांचा नव्हे, आपल्या वाचनाचा आहे. मस्तानीविषयी विश्वासार्ह कागद मोजके आहेत, बाजीरावाशी तिचे एकांतातले बोलणे कुठल्याही बखरकाराने ऐकलेले नाही. तरी २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हा वाद पेटला तो काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या असतील का यावर. जणू बाकीचे प्रेमप्रसंग पेशवे दप्तरातून जसेच्या तसे उतरवले होते. सुरुवातीची सूचनापाटी वाचून कुणाची समजूत बदलत नाही. गोष्टीची जातच अशी हवी की पाटी लागू नये.

आता ही जात आपल्याला परकी आहे का? मराठी कादंबरीच्या आरंभकाळात राजपुत्र-राजकन्यांच्या अद्भुतरम्य कथांचीच चलती होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. रा. भि. गुंजीकरांचा ‘मोचनगड’ १८७१ साली आला आणि ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली ती याच वातावरणात. त्याआधी शतकानुशतके वेताळ राजा विक्रमाच्या खांद्यावर बसून त्याला राजकन्यांच्या आणि नवऱ्यांच्या गोष्टी सांगत होताच. राजा, प्रेत आणि प्रेमाचा पेच हे त्रिकूट आपल्याकडे व्हॅम्पायरच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे. व्हॅम्पायरच्या बाजूने पाहिले तरी तो मुळात दरबारी प्राणीच आहे. पॉलिडोरीच्या १८१९ च्या कथेतला रक्तपिपासू लॉर्ड आहे, स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला काउंट. सरंजामदार मेला तरी रयतेचे रक्त पिणे थांबवत नाही, ही त्या कल्पनेच्या पोटातली गोष्ट आहे आणि मार्क्सनेही भांडवलाचे वर्णन करताना हीच प्रतिमा वापरली.

नक्कल होईल ती मात्र इथेच. शनिवारवाड्यात काळा डगला घातलेला, लसूण पाहून दचकणारा गोरा तरुण आणला तर ती चोरी दिसेल आणि हास्यास्पदही. पेशव्यांच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात लसूण नसणार म्हणून तो तिथे सुखाने राहिला, एवढा विनोद फार तर करता येईल. मालेगावच्या सुपरमॅनकडून शिकायचे ते हे की पाहुण्याने गावच्या अडचणी अंगावर घेतल्या पाहिजेत. मराठी मुलखात मेल्यावरही न सुटणारा जीव म्हणजे समंध: वारस न ठेवता गेलेला, वतनाला आणि पुरलेल्या धनाला चिकटून बसलेला. मराठी दरबारात अमर कोण असेल, तर मला दिसतो तो सावकार. पहिल्या बाजीरावाच्या काळापासून पेशव्यांच्या मोहिमा कर्जावर चालत, खुद्द बाजीराव धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे देणे लागत होते. असा एक सावकार कल्पावा जो नारो शंकराच्या काळात किल्ल्याच्या बांधकामाला पैसे देतो, नातवाच्या काळात तेच खत पुढे करतो आणि त्याचा चेहरा मात्र तसाच राहतो. त्याला मारायला सूर्यप्रकाश कशाला? १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. अशा प्राण्याचा जीव तिथेच असणार, कागदात.

आणि प्रेम? तेही याच हिशेबातून यावे. दरबारातल्या बाईचे लग्न हा राजकीय करार असे, तिचे मन कुणाच्या खातेवहीत नसे. मरण नसलेल्या पुरुषाला तिच्याविषयी ओढ वाटली तर त्याच्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो: देणे माफ करायचे की तिलाही आपल्यासारखे न मरणारे, न जगणारे करायचे? मालक आणि कुळ, सत्ता आणि संमती यांच्यातला हा पेच आहे. प्रेमाच्या नावाखाली शोषण गोंडस केले जाते, असा आक्षेप या प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्यांवर घेतला जातो आणि तो अनेकदा रास्त असतो. पण त्याचा उपाय प्रेम वगळणे हा नव्हे. त्या प्रेमाची किंमत कोण मोजते, हे कथेत दिसले पाहिजे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि मालेगावच्या संदर्भात तो टाळता येणार नाही. राक्षसाला जात आणि धर्म चिकटतो. स्टोकरचा ड्रॅक्युला पूर्वेकडून लंडनमध्ये घुसणारा परका आहे, त्यात त्या काळच्या इंग्रजांची परकीयांबद्दलची भीती आहे, असे समीक्षकांनी दाखवले आहे. मालेगावच्या किल्ल्यावर कादंबरी लिहिणाऱ्याला अरब शिबंदीतला एखादा जमादार रक्तपिपासू करण्याचा मोह होईल. २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट सोसलेल्या, मिश्र वस्तीच्या गावात असे लिहिणे हा आळसही आहे आणि पापही. पण हा धोका भुतामुळे येत नाही. वास्तववादी म्हणवणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी शत्रूला राक्षसी रंगवताना कुठे कसर ठेवली आहे? उलट शोषकाचे चरित्र जातीवर नव्हे, खतावर उभे राहिले, तर अरब शिपाई त्या कथेत पगार थकलेला, परमुलखात अडकलेला माणूस म्हणून दिसू शकतो. शिबंदीचे थकलेले पगार हे उत्तर पेशवाईतले रोजचेच दुखणे होते.

खऱ्या माणसांची नावे घ्यावीत का, या प्रश्नावर मी सनातनी आहे. छत्रपती, पेशवे, त्यांच्या राण्या यांच्या अंगात भूत घालू नये, त्यांना पार्श्वभूमीला ठेवून कल्पित घराणी पुढे आणावीत. वंशज हयात असतात, श्रद्धा खऱ्या असतात. शिवाय कल्पित घराण्यात लेखकाचा हात मोकळा राहतो. नारायण धारपांच्या कथांवरून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ चित्रपट याच वाटेने गेला: १९१८ चे कोकण, खरे वाटणारे वाडे, पण हस्तर नावाचा देव पूर्ण कल्पित. २०१८ मध्ये थंडे स्वागत झालेला तो चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. डोंबिवलीत झोंबी आणणारे आदित्य सरपोतदार ‘मुंज्या’ करून पुढे ‘थामा’मध्ये वेताळांच्या प्रेमकथेपर्यंत पोचले. म्हणजे मराठी भूतविद्येला प्रेक्षक आहे. फक्त ती विद्या सध्या हिंदीत पोट भरते आहे आणि मराठी प्रकाशक अजून चरित्रात्मक कादंबरीची पुढची आवृत्ती काढण्यात दंग आहेत.

राहिली अंधश्रद्धेची बाब. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांच्या खुनानंतर. ज्या समाजाने त्यासाठी एवढी किंमत मोजली त्याने भुतांच्या कादंबऱ्या का छापाव्यात? कारण तो कायदा भूत उतरवतो असे सांगून पैसे उकळणाऱ्यावर, अंगावर चटके देणाऱ्यावर आहे. कादंबरीतला सावकार कुणाला अंगारा देत नाही, कुणाच्या घरातले धन काढून देतो म्हणून फी मागत नाही, आणि पुस्तक मिटल्यावर तो होता असा दावाही करत नाही. तो दावा आजही करतात ते ‘सत्य घटनेवर आधारित’ असे छापलेल्या प्रेमकथांचे जाहिरातदार.