आपण वेचलेल्या खड्यास पैलू कोण पाडणार?

सुटींत सह्याद्रीकडे फिरून आलेल्या विद्यार्थ्याच्या पिशवींत एखादा तरी चकाकणारा दगड असतोच. बहुधा ती गारगोटी असते. क्वचित् जांभळ्या छटेचा स्फटिकही निघतो. मग घरांत हट्ट सुरू होतो कीं, याची अंगठी करून आईस द्यावयाची. हा हट्ट आम्हांस वावगा वाटत नाहीं. पण तो पुरविण्यास निघालेल्या पालकांस चमत्कारिक अनुभव येतो. गिरगांव, लालबाग, दादर येथें सराफांच्या पेढ्या कितीतरी आहेत. झवेरी बाजार तर गिरगांवाहून पायीं जाण्याइतका जवळ. तथापि ‘एवढा एक खडा घांसून द्या’ असें म्हणतांच बहुतेक ठिकाणीं नकारार्थी मान हालते, आणि त्याऐवजीं तयार खडे पुढें मांडले जातात.

यांत सराफांचा दोष थोडा. सोनार, जडिया आणि पैलू पाडणारा हे तीन निराळे कारागीर होत. आपल्या शहरांत दागिना घडतो, कोंदणांत खडा बसतो. पैलू पाडण्याचें काम मात्र बरेंचसें बाहेरगांवीं चालतें. हिरे सुरतेस, रंगीत खडे जयपुरास, अकीक खंबायतेस, अशी ढोबळ वांटणी आहे. ऑपेरा हाऊसजवळचा हिऱ्यांचा मोठा व्यापारही २०१० पासून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे वळला. पण तो तेथेंच राहिला असता तरी आपलें काम झालें नसतें. हिऱ्याचें चाक व रीत वेगळी, स्फटिकाची वेगळी.

कारागीर शोधण्याआधीं आपला दगड त्या योग्यतेचा आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. दख्खनचा काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसापासून बनला. त्यांत वायूच्या बुडबुड्यांनीं जीं पोकळ कोटरें राहिलीं, त्यांत पुढें पाण्याबरोबर आलेलीं खनिजें सांचून स्फटिक झाले. कांदिवलीच्या खाणींतील ओकेनाइट हें कापसाच्या बोंडासारखें दिसतें आणि बोटाच्या दाबानें चेपतें. हिरवट अपोफिलाइट मोठें मोहक. पण मोसच्या श्रेणींत त्याचें काठिण्य ५ हून अधिक नाहीं, शिवाय तें एका दिशेनें सहज चिरफाळतें. वाऱ्यावरच्या धुळींत क्वार्ट्झचे कण असतात व त्यांचें काठिण्य ७. म्हणून त्याहून मऊ खडा बोटांत घातला कीं लौकरच मंद पडतो. असे दगड कपाटांतच शोभतात. गारगोटी व जांभळा स्फटिक हे स्वतःच क्वार्ट्झ असल्यामुळें टिकतात. गारगोटी म्हणजे कवडीमोल, हा आपल्या बोलीचा समज; सिन्नरच्या खनिज-संग्रहालयानें मात्र तेंच नांव मिरविलें आहे. (राष्ट्रीय उद्यानें, लेणीं व किल्ले येथून कांहींही उचलूं नये, आणि खाणींत मालकाच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये, हें येथेंच सांगून ठेवितों.)

आतां मुख्य मुद्दा मजुरीचा. पालक म्हणतात, ‘बाजारांत तयार जांभळा खडा स्वस्त मिळतो, मग या दगडावर त्याच्या कितीतरी पट मजुरी कशास?’ हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. बाजारचा खडा वजनावर विकला जातो, म्हणून तो कापतांना वजन राखण्याकडे ओढ असते. स्फटिकाचे खालचे पैलू सुमारें ४० अंशांहून कमी कलते ठेविले, तर वरून आलेला उजेड परत न फिरतां खालून निसटतो, आणि खडा मध्यें रिता दिसतो. आपल्या दगडाचें वजन आपणांस विकावयाचें नाहीं. म्हणून कारागिरास स्पष्ट सांगावें कीं, वजन गेलें तरी चालेल, उजेड राखा. दगडाचा बहुतेक भाग भुकटी होऊन जाईल, याची मुलांस आधींच कल्पना द्यावी. नाहींतर इवलासा खडा पाहून डोळ्यांस पाणी येतें.

घासाघीस करूं नये याचें याहून गंभीर कारण आहे. या दगडाची धूळ म्हणजे सिलिका. ती वर्षानुवर्षें श्वासांतून आंत गेली कीं फुप्फुसें निबर होतात. त्या रोगास सिलिकोसिस म्हणतात व त्यावर रामबाण उपाय नाहीं. खंबायतच्या अकीक घांसणाऱ्या कुटुंबांत या रोगानें पुष्कळ माणसें नेलीं आहेत. चाकाशीं न बसणारे घरचे लोकही त्यांतून सुटले नाहींत. चाकावर पाण्याची धार असली आणि धूळ ओढून घेणारा पंखा असला, तर धोका पुष्कळ कमी होतो. पण त्यास खर्च लागतो, आणि दर पाडला कीं पहिली काटछाट तेथेंच होते. आईच्या अंगठीसाठीं दुसऱ्या कोणाच्या आईचा श्वास कोंडावा, हें कोणत्याही मुलास रुचणार नाहीं. म्हणून दर विचारण्यापूर्वीं चाक ओलें चालतें कीं कोरडें, हें विचारावें. आणि काम जयपुरास पाठविणाऱ्या सराफासही हाच प्रश्न करावा.

अशा कामांत महिने जातात व पुड्यांची अदलाबदलही होते. यास्तव दगड देतांना त्याचें वजन करावें, छायाचित्र काढावें, आणि तो कोठें व कोणत्या दिवशीं सांपडला तें कागदावर लिहून ठेवावें. खडा परत आल्यावर त्याच कागदावर पैलू पाडणाऱ्याचें नांव लिहावें. तें सराफास ठाऊक नसेल, तर त्यानें विचारून कळवावें, असा आग्रह धरावा.