पूर्ण डिजिटल, फक्त रेंज तेवढी नाही

नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं, तेव्हा सरकारी प्रसिद्धीपत्रकात त्याला देशातला पहिला पूर्णतः डिजिटल विमानतळ म्हटलं होतं. गाडी लावायची जागा घरबसल्या राखून ठेवा, सामान सोपवायची वेळ ऑनलाइन ठरवा, असं बरंच काही. दहा गावं हलवून, उलव्याची टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून पनवेलच्या अंगणात उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाचं एवढं कौतुक व्हायलाच हवं. मग २५ डिसेंबरला प्रत्यक्ष विमानं उडू लागली आणि टर्मिनलमध्ये मोबाईलला रेंजच नाही, अशा तक्रारी आल्या. दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं, आम्हाला आत जाळं उभारू देत नाहीत आणि भाडं मागतात ते अवाच्या सवा. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला हे अमान्य. त्या वादाचा निवाडा करायला यंत्रणा आहेत. लोक मात्र तोवर हसून मोकळे झाले होते, आणि पूर्णतः डिजिटल या दाव्याची त्या दिवसांतली सर्वात नेमकी तपासणी त्या हसण्यातच झाली, असं माझं मत आहे. प्रसिद्धीपत्रकात एकही वाक्य खोटं नव्हतं. रेंज असेल असं त्यात कुठे लिहिलं होतं?

तंत्रज्ञानाच्या बातम्या आपल्याकडे सहसा आरतीच्या सुरात छापल्या जातात. त्यामागे बातमीदारांचा आळस आहे असं म्हणणं सोपं, पण अन्यायाचं. पूल पडला तर तो पडलेला दिसतो, धान्य सडलं तर वास येतो. 'सर्व्हर', 'प्लॅटफॉर्म', 'कृत्रिम बुद्धिमत्ता' यांतलं काय चालतंय आणि काय नुसतं पडद्यावर दाखवलं जातंय, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. शिवाय बातमी नेहमी भविष्यकाळात असते आणि भविष्यकाळाला खोटं पाडता येत नाही. मग सामान्य वाचकाच्या हाती उरते वजाबाकी. सांगितलं काय, झालं काय, मधलं अंतर किती? ते अंतर पुरेसं मोठं असलं की आपोआप हसू येतं. या वजाबाकीचा सराव पनवेलकरांइतका क्वचितच कुणाला असेल. विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, तेव्हा पहिलं विमान २०१९ च्या अखेरीस उडेल असं सांगितलं होतं. बेलापूर ते पेंधर ही ११ किलोमीटरची मेट्रो २०११ साली हाती घेतली आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीही औपचारिक उद्घाटनाशिवाय, कारण मेट्रो तयार होती आणि मुहूर्त मिळत नव्हता. खारघर-तळोज्याच्या माणसाला आता 'लवकरच' या शब्दाची किंमत कुणी समजावून सांगायला नको.

डेटा सेंटरचं उदाहरण याहून गमतीचं, कारण तिथे तर दिरंगाईही नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर भोकरपाड्याजवळ हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीचं मोठं डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीच्या वर्षात सुरू झालं. ७,२०० रॅक, ५० मेगावॉट वीज, विश्वासार्हतेचं सर्वात वरचं प्रमाणपत्र. मार्च २०२४ मध्ये तिथे एनव्हिडियाच्या एच-१०० चिपांची चार हजारांहून मोठी पहिली खेप उतरली आणि पनवेलचं नाव एकदम जगाच्या नकाशावर वगैरे गेलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या 'इंडिया एआय' मोहिमेसाठी १८,६९३ चिपांची निवड झाली, त्यातल्या ९,२१६ एकट्या योट्टाच्या. भाडं सरासरी ताशी ११५ रुपये ८५ पैसे, सरकारी सवलतीनंतर शंभराच्या आत. म्हणजे जगातली सर्वात महागडी गणनशक्ती पनवेल स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या दरात, आणि वर मीटरप्रमाणे. हे खरोखरच मोठं काम आहे. पण या बातम्यांत रॅक मोजलेले असतात, मेगावॉट मोजलेले असतात, माणसं मात्र सापडत नाहीत. शहरातल्या किती जणांना तिथे काम मिळालं? या चिपांवर मराठीत नीट बोलणारं काय तयार झालं? देहरंग धरणाने तळ गाठला की ज्या शहरात दिवसाआड पाणी येतं, तिथे थंडाव्यावर चालणाऱ्या उद्योगाच्या पाण्याचा हिशेब पहिल्याच बातमीत का नसतो? एकाचं पाणी दुसऱ्याने पळवलं असा आरोप मी करत नाही. एवढंच म्हणतो की मेगावॉटचा आकडा ज्या ठळक टाइपात छापतात, त्याच टाइपात लिटरचाही छापावा. एखाद्या व्यंगचित्रकाराने टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभी असलेली एच-१०० काढली, तर संपादकीयाच्या दोन स्तंभांचं काम एका चौकटीत होईल.

असल्या चेष्टेने उद्योगाचा अपमान होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या उद्योगाचा इतिहास पाहावा. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहिले जातात, त्याच मालिकेत १ एप्रिल १९९० रोजी कबुतरांच्या पायाला बांधून माहिती पाठवण्याची रीतसर पद्धत प्रसिद्ध झाली. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या संगणकवेड्यांनी ती खरोखर करून पाहिली. नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरं आली, सरासरी वेळ ८७ मिनिटं, म्हणजे साधारण पनवेल-सीएसएमटी लोकलच्या तोडीचा. १९९८ च्या १ एप्रिलला कॉफीच्या भांड्यासाठी नियमावली आली. भांडं कॉफीचं नसून चहाची किटली निघाली तर ४१८ क्रमांकाची चूक दाखवावी, असं त्यात नोंदलेलं आहे. पोरकटपणा वाटेल, पण लेखकाला बोट ठेवायचं होतं ते वेबच्या मूळ नियमांत वाटेल तशी ठिगळं लावणाऱ्या सहकाऱ्यांवर. गंभीर टिपण लिहिलं असतं तर चार जणांनी वाचलं असतं. ती किटली पंचवीस वर्षांहून अधिक काळ जिवंत आहे. ४१८ काढून टाकायचा प्रस्ताव २०१७ मध्ये आला, तेव्हा जगभरच्या प्रोग्रॅमरांनी तो हाणून पाडला.

आणि १९ जुलै २०२४? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडे इंडिगोच्या काउंटरवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. नंतर कंपनीच्याच अहवालात कारण आलं: एका भागाला २१ नोंदी अपेक्षित होत्या, दुसऱ्याने २० पाठवल्या. विसाव्या नोंदीनंतर एकविसावी येते की नाही, हे कुणी तपासलं नव्हतं. मनस्तापाची भरपाई म्हणून भागीदारांना उबरवर चालणारी दहा डॉलरची खाण्याची कुपनं पाठवली, तर एवढ्या लोकांनी ती एकदम वापरलेली पाहून उबरच्या यंत्रणेला फसवणुकीचा संशय आला आणि कुपनंही बंद पडली. हे कुठल्या विनोदी लेखकाने रचलं असतं तर संपादकाने 'अतिशयोक्ती' म्हणून परत पाठवलं असतं. मला मोलाचा वाटतो तो यापुढचा भाग. ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या हॅकर संमेलनात 'सर्वात भव्य अपयशा'चं पारितोषिक जाहीर झालं, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष मायकल सेंटोनास स्वतः मंचावर आले. हा करंडक मुख्यालयात दर्शनी ठेवू, म्हणजे कामावर येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल, असं म्हणून तो घेऊन गेले. आपल्याकडचं एखादं सरकारी पोर्टल बंद पडल्यावर त्याच्या कंत्राटदाराने असं काही केल्याची कल्पना करून पाहा. आपल्याकडे पोर्टल बंद पडत नाही, त्याच्यावर 'अभूतपूर्व प्रतिसाद' येतो.

मराठीला तर असं हसणं नवं असू नये. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या उभे केले, ते व्रतवैकल्यांच्या आणि कर्मकांडाच्या समाजाला आरसा दाखवायला. आपला विनोदी निबंध जन्मालाच सुधारणेच्या बाजूने आला. आजचं कर्मकांड कळ दाबून पडदा उघडण्याचं आहे. बंडूनानांना ते नक्कीच मानवलं असतं.

आता आक्षेप. पहिला अर्थात गुंतवणुकीचा: अशी टिंगल करत राहिलात तर राज्यात कोण येईल? मुळात गुंतवणूकदार वृत्तपत्रातले विनोद वाचून पैसे लावत नाहीत. जमीन, वीज, परवाने पाहून लावतात. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला राज्य सरकारने सुमारे १५.७० लाख कोटींचे करार केले. त्यातले सर्वात मोठे दोन रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू यांचे, आणि दोघांचंही मुख्यालय मुंबईत. मंत्रालयापासून टॅक्सीने जाण्याच्या अंतरावरच्या उद्योजकाला भेटायला स्वित्झर्लंडच्या बर्फात का जावं लागतं, यावर राज्यभर विनोद झाले. करार त्यामुळे रद्द झाले नाहीत. उलट, जे खरोखर चालतं त्याची टिंगल टिकतच नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं, तेव्हा भाजीवाली क्यूआर कोड लावेल का, असे विनोद चिक्कार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार यूपीआयवर झाले. आज त्यावर विनोद होतो तो एप्रिल २०२५ मधल्यासारखी ती यंत्रणा काही तास कोलमडते तेव्हा, आणि तोसुद्धा घरातल्या माणसावर करावा तसा.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: विनोदही खोटा असू शकतो, आणि खोटा विनोद खोट्या बातमीपेक्षा जोरात धावतो. लंडनची बिल्डर एआय ही कंपनी मे २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे पडद्यामागे बसून कोड लिहिणारे ७०० भारतीय इंजिनिअर, हा किस्सा मग जगभर फिरला. आपणही तो एकमेकांना पाठवून मनसोक्त हसलो. कंपनीत काम केलेल्यांनी पुढे सांगितलं की तसं काही नव्हतं. उत्पन्नाचे अंदाज वास्तवापेक्षा कितीतरी फुगवले होते, तिथे खरी गोम होती. म्हणजे लबाडी हिशेबाच्या वहीत आणि हसं झालं इंजिनिअरांचं. तेव्हा विनोदालाही पुराव्याची अट लागू आहे, हे मान्य. ही अट यंत्राला पाळता येत नाही, हेही आपण पाहिलं. मे २०२४ मध्ये गूगलच्या नव्या उत्तरयंत्राने रोज एक लहान दगड खावा असा आरोग्यसल्ला दिला. त्याचा उगम 'द ओनियन' या विनोदी नियतकालिकातल्या एका लेखात होता. थट्टा आणि माहिती यांतला फरक ओळखणं हे काम अजून तरी वाचकाकडेच आहे, आणि ते करायचं तर हसायची सवय मोडून चालणार नाही.

तिसरं म्हणणं असं की लोकांच्या नोकऱ्या जात असताना विनोद सुचतोच कसा? जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. त्याआधीच्याच महिन्यात कर्मचाऱ्याने वर्षात ३५ दिवसांहून जास्त काळ बिनप्रकल्पाचं बसू नये, असा नियम आला होता. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सरकारदरबारी तक्रारी केल्या, त्या गंभीर भाषेतच हव्यात. ज्याचा हप्ता थकणार आहे त्याच्यावर हसणारा हलकटच. पण 'भविष्यासाठी सज्ज होत आहोत' असं सांगत माणसं घरी पाठवणाऱ्या निवेदनावर हसायला काहीच हरकत नाही, आणि त्यावर सर्वात तिखट हसतात ते त्याच कचेऱ्यांतले लोक. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांकडून आठवड्याचे सत्तर तास मागितले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या सुब्रह्मण्यन यांनी नव्वदचा आकडा काढला आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसाल, असंही विचारलं. दोघांनीही प्रवास हिशेबात धरलेला नाही. नवीन पनवेलमधून ऐरोलीला जाणाऱ्याला घरापासून कचेरीपर्यंत सव्वा तास लागतो असं धरलं, तर येण्याजाण्याचे सहा दिवसांचे पंधरा तास होतात. मूर्तींचे सत्तर भरता भरता तो पंच्याऐंशीला पोचला. सुब्रह्मण्यन यांना उरलेले पाच तास हवेच असतील, तर त्यासाठी मेगाब्लॉकचा रविवार आहेच.